मला खरं पाड

"आज कुणीही उभं राहायचं नाही," मुजावर मॅडम म्हणाल्या. "आज फक्त पडायचं."

आम्ही दहा-बारा मुली सभागृहाच्या भिंतीला पाठ लावून बसलो होतो. समोर पोलीस व्यायामशाळेतून आणलेल्या जुन्या मॅट पसरलेल्या होत्या. त्यांना रबराचा आणि परक्या लोकांच्या घामाचा वास येत होता. कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात दाराशी किल्ल्यांचा जुडगा वाजला, म्हणजे पाटणकर बाई आल्या. आमच्या शाळेच्या अधीक्षिका.

"पडायचं?" बाई म्हणाल्या. "अहो मुजावर, इतकी वर्षं मी या मुलींना न पडायला शिकवतेय."

"म्हणून तर सगळ्या भिंत धरून चालतात, बाई."

बाई आत आल्या नाहीत. पण गेल्याही नाहीत. जुडगा तिथंच थांबला होता.

शाळेचं नाव मी सांगत नाही. अंध मुलींची निवासी शाळा, आमच्या भागातल्या एका मोठ्या गावाच्या कडेला, एवढं पुरे. मी म्हसवडजवळच्या वाडीतली, शालन विरकर. लहानपणी गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. उजेड आहे की अंधार, इतकंच कळतं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते. माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द कोणता असेल, तर 'सांभाळ'. चुलीपाशी सांभाळ, उंबऱ्यापाशी सांभाळ, जिन्यावर सांभाळ.

आणि आता ही नवी बाई म्हणत होती, पड.

सलमा मुजावर मॅडम मिरजेच्या. पोलिसात होत्या, ज्युदोत राज्यासाठी खेळलेल्या. ड्यूटी संपली की आठवड्यातून तीन संध्याकाळी सायकलवरून आमच्याकडे यायच्या. त्यांनी पहिल्यांदा मला पुढे ओढलं, उकिडवं बसवलं आणि मानेवर हात ठेवला.

"हनुवटी छातीला लाव. डोकं मॅटला लागता कामा नये. मागं लवंडायचं आणि लवंडताना दोन्ही हात जोरात मॅटवर आपटायचे. पाठीचा मार हात खातात."

"आणि नाही खाल्ला तर?"

"तर पाठ खाईल. पाठ काही पळून जात नाही."

मी लवंडले. हात आपटले. सभागृहभर असा खणखणीत आवाज झाला, की बाईंच्या हातातल्या किल्ल्या दचकून वाजल्या. मला काहीही लागलं नाही. मी तशीच उताणी पडून राहिले. मला वाटलं, हे पुन्हा करावं.

"पुन्हा?" मी विचारलं.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

पहिला महिनाभर आम्ही नुसत्या पडत होतो. मागं, कुशीवर, पुढं कोलांटी घेऊन. दमलो की मॅडम भिंतीशी बसून गोष्टी सांगायच्या. एकदा त्यांनी हा खेळ कुठून आला ते सांगितलं.

"जपानात एक पोरगा होता. कानो त्याचं नाव. हुशार, पण अंगानं काडी. वसतिगृहातली दांडगी पोरं त्याला रोज बडवायची. त्यानं ऐकलं होतं, की पूर्वीच्या सैनिकांची एक विद्या आहे, जुजुत्सू म्हणून, तिच्यात लहान माणूस मोठ्याला लोळवतो. तो शिकवणारा शोधत गावभर फिरला. पण तो काळ बदललेला. सैनिकांचं राज्य गेलेलं, विद्येला कुणी विचारत नव्हतं. जुने उस्ताद मोडलेली हाडं बसवून पोट भरत होते."

"म्हणजे आमच्या वाडीतल्या हाडवैद्यासारखे?" मी म्हटलं.

"तसेच. अशाच एका हाडवैद्याकडून पत्ता काढत तो उस्तादापर्यंत पोचला आणि शिकला. तिथं एक जाडजूड गडी होता, तो काही केल्या याला हलायचा नाही. तेव्हा यानं ग्रंथालयात जाऊन परदेशी कुस्तीची पुस्तकं वाचली, एक डाव शोधला, आणि त्या गड्याला खांद्यावर घेऊन आपटला. मग बाविशी गाठायच्या आत त्यानं स्वतःची शाळा काढली, एका देवळात, बारा चटयांच्या खोलीत. जीव घेणारे, हाडं मोडणारे डाव सरावातून बाजूला काढले. नाव दिलं ज्युदो. जु म्हणजे मऊ, नमतं. दो म्हणजे वाट."

"मऊ?" कुणीतरी म्हणालं. "पाठ सोलून निघाली आमची!"

मॅडम हसल्या. "मऊ म्हणजे असं, की तो ढकलतोय ना, तर तू उलटं ढकलू नकोस. तो ज्या बाजूला निघालाय, त्याच बाजूला त्याला अजून थोडं ने. त्याचाच जोर त्याला पाडतो. कमीत कमी ताकद, ती पण नेमक्या जागी. ही पहिली गोष्ट."

"आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे दोघांचंही भलं. समोरची तुझी दुश्मन नाही. ती तिचं अंग तुला शिकायला उसनं देते. तू तुझं तिला देतेस. म्हणून आधी वाकून नमस्कार आणि शेवटी वाकून नमस्कार. नमस्कार झाल्याशिवाय कुस्ती सुरू होत नाही आणि नमस्कार झाल्याशिवाय संपत नाही."

दुसरी गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यावरून गेली. मला पहिली आवडली होती. कारण ती माझ्या हातांना लगेच कळली.

डोळस खेळाडू आधी एकमेकींची पकड घेण्यासाठी झटापट करतात. आमची कुस्ती पकडीपासूनच सुरू होते. एक हात कॉलरवर, दुसरा कोपराजवळच्या बाहीवर, मग पंच 'हाजिमे' म्हणतो, म्हणजे सुरू. त्या जाड कापडातून समोरची सगळी कळते. ती कुठल्या पायावर उभी आहे, श्वास कुठं अडकलाय, आता पुढं येणार की मागं सरणार. आधी तिचा तोल मोडायचा, मग आत शिरायचं, मग पाडायचं. तोल मोडल्याशिवाय पाडायला गेलं, तर झाडाला मिठी मारल्यासारखं होतं. आणि तोल मोडला, की तिचं सगळं वजन एका क्षणात आपल्या अंगावर येतं. तो क्षण मी झोपेतही ओळखला असता.

दोन वर्षं गेली. मी शाळेतल्या सगळ्या मुलींना पाडत होते. मॅडम माझ्याकडून पडत नव्हत्या, पण त्या घामाघूम व्हायच्या. फेब्रुवारीत पुण्याला अंध खेळाडूंच्या राज्य स्पर्धा होत्या. चौघींना न्यायचं मॅडमच्या मनात होतं. पण विश्वस्तांनी परवानगी दिली नव्हती. 'मुलींना काही झालं तर जबाबदार कोण?' हा त्यांचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर द्यायला कुणी तयार नव्हतं.

जानेवारीत पाटणकर बाईंनी मला ऑफिसात बोलावलं.

"शालन, बाळ, यंदा संमेलनाला पुण्याचे मोठे पाहुणे आहेत. वसतिगृहावर मजला चढवायचं त्यांनी मनावर घेतलंय. त्यांच्यासमोर तुझी कुस्ती ठेवायची. डोळस मुलीशी."

"कुठली मुलगी?"

"कॉलेजातली. प्राची घोरपडे. राज्यात पदक मिळवलंय तिनं."

"बाई, ती मला पाडेल."

"बघू या ना," बाई म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला आठ वर्षं ओळखीचा होता. तापात त्यानं माझ्या कपाळावर रात्र-रात्र पट्ट्या ठेवल्या होत्या. "संमेलन नीट पार पडलं, की पुण्याचं मी बघते. विश्वस्तांशी मी बोलते."

पुढचे पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. सकाळी दोरीवरच्या उड्या, संध्याकाळी मॅट, आणि मध्ये वर्गात बसल्या बसल्या बाकाखाली बोटांनी पकडीचा सराव. हरणार हे मला ठाऊक होतं. पण सहजासहजी हरायचं नव्हतं.

संमेलनाला आई आली. वाडीहून एकटीच, पहाटेच्या गाडीनं, फडक्यात बाजरीच्या भाकरी बांधून. मी तिला पत्रात ज्युदोबद्दल कळवलं होतं, पण ते पत्र तिला ज्यानं वाचून दाखवलं त्यानं 'व्यायाम' असं सांगितलं होतं.

"ह्यो कसला झगा घातलाय?" तिनं माझ्या ज्युदोच्या ड्रेसची बाही चाचपली. "पोत्यागत हाय."

"बघ तू आता," मी म्हटलं.

मैदानात मांडव घातला होता. रंगमंचाच्या पुढ्यात मॅट टाकल्या होत्या. समूहगीत झालं, भाषणं झाली, आणि मग माइकवर बाईंचा आवाज आला. "आता आमची शालन एका डोळस राज्यपदक विजेतीशी दोन हात करणार आहे!" टाळ्या पडल्या. मुजावर मॅडम पंच होत्या. त्यांनी माझा दंड धरून मला मॅटवर आणलं. नेहमी त्या मॅटवर जाताना कानात काहीतरी सांगायच्या. त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत.

मी वाकून नमस्कार केला. समोरून कापडाची सळसळ झाली. मग प्राची पुढं आली आणि तिनं माझा हात स्वतःच्या कॉलरवर नेऊन ठेवला. तिचे हात गार होते.

"हाजिमे!"

ती उंच होती, तेवढं मला लगेच कळलं. मी डावीकडं एक पाऊल सरकले, ती आली. उजवीकडं सरकले, ती आली. मी बाही किंचित ओढून पाहिली, तोल मोडायच्या तयारीनं. आणि कंबर आत घालायला वळले, तोवर ती माझ्या कमरेवरून गेलेलीसुद्धा होती.

मी जोर लावलाच नव्हता अजून.

दार जोर लावून ढकलायला जावं आणि ते आधीच उघडं असावं, तसं झालं. माझ्या अंगावर वजन आलंच नाही. ती स्वतःच उडी मारून गेली होती. तिचा हात मॅटवर आपटल्याचा आवाज आधी आला, पाठ टेकल्याचा नंतर.

मांडव टाळ्यांनी फुटला. शिट्ट्या, आरोळ्या. "वा, वा, वा!" असा एक जाड आवाज पुढच्या रांगेतून आला, ते पाहुणे असणार. माइकवर बाई म्हणत होत्या, "पाहिलंत? पाहिलंत आपण?" मॅडम म्हणाल्या, "इप्पॉन." म्हणजे पूर्ण गुण, कुस्ती संपली. पण तो शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला, की माझ्याखेरीज कुणाला ऐकूही गेला नसेल.

प्राची उठली, समोर येऊन उभी राहिली. कापडाची सळसळ झाली. तिनं नमस्कार केला होता. आता माझी पाळी होती.

मी ताठ उभी राहिले.

"शालन, नमस्कार," मॅडम म्हणाल्या.

"नाही करणार."

"काय झालं?"

"कुस्ती झालेली नाही. ती स्वतःहून पडली. हिला विचारा."

टाळ्या अजून चालू होत्या. मी तिच्या दिशेनं म्हटलं, "पडलीस ना स्वतःहून?"

"मला तसं सांगितलं होतं," ती पुटपुटली. "तुला लागेल म्हणून."

"मला लागतं. तुला लागत नाही का?"

मी मान मॅडमच्या बाजूला वळवली. एक प्रश्न विचारायचा होता आणि त्याचं उत्तर नको होतं. तरी विचारला.

"तुम्हाला माहीत होतं?"

टाळ्या ओसरत आल्या होत्या. मॅडमचा श्वास मला ऐकू येत होता.

"हो," त्या म्हणाल्या. "सकाळी कळलं."

दोन वर्षांत त्यांनी मला शेकडो वेळा पाडलं होतं. एवढं जोरात एकदाही नाही.

"शालन बाळ," माइकवर बाईंचा हसरा आवाज आला, "लाजू नकोस, वर ये. पाहुण्यांच्या हस्ते तुझा सत्कार आहे."

"येत नाही!" मी ओरडले. मला माइक लागत नाही, आमच्या वाडीत डोंगराच्या या कडेवरून त्या कडेला हाका मारायची सवय असते. "मी हिला पाडलेलं नाही! ही खोटी पडली! मी सत्कार घेणार नाही!"

सगळा मांडव गप्प झाला. इतका, की कडेला गॅसवर ठेवलेल्या चहाचा आवाज येऊ लागला.

बाई माइक सोडून खाली आल्या. किल्ल्या माझ्यापाशी येऊन थांबल्या. "काय चालवलंयस हे?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "पाहुणे बसलेत. जिंकलीस ना तू? झालं तर मग."

"जिंकले नाही, बाई. तुम्ही जिंकवलंत."

"तुझ्या भल्यासाठीच ना? सगळ्यांसमोर आपटली असतीस, ते बरं दिसलं असतं?"

"ते मला दिसत नाही, बाई."

मला तसं बोलायचं नव्हतं, पण ते निघून गेलं, आणि ते मागं घ्यावंसं मला वाटलं नाही.

"पुण्याचं विसर मग," बाई म्हणाल्या. "मुजावर, हिला आत घेऊन जा."

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. मी वाट पाहत होते. मला वाटलं, आता माझ्या दंडाला हात लागणार. त्या शिस्तीच्या बाई होत्या, पोलिसातल्या. सांगितलेलं ऐकायची त्यांना सवय होती.

मग त्यांनी मोठ्यानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हटलं, "पंच म्हणून मी हा गुण रद्द करते. कुस्ती पुन्हा होईल. बाई, तुम्ही चपला घालून मॅटवर आहात. खाली उतरा."

किल्ल्या एक क्षण तिथंच राहिल्या. मग हळूहळू मागं गेल्या.

"शालन," मागून कुठूनतरी आईची हाक आली, "बास झालं! ये हिकडं! चल घरला!"

मी तिकडं तोंडसुद्धा वळवलं नाही. प्राचीची कॉलर शोधली, धरली. "ऐक," मी तिला म्हटलं. "मला खरं पाड."

"लागेल," ती म्हणाली.

"लागू दे."

आम्ही पुन्हा नमस्कार केला. पुन्हा पकड घेतली. या वेळी तिचे हात गार नव्हते. जड होते. तिनं माझी बाही मुठीत पिळली आणि मला कळलं, ही तीच मुलगी नाही.

"हाजिमे!"

तिनं पहिल्याच झटक्यात मला दोन पावलं ओढत नेलं. मी कशीबशी सावरले. तिनं पाय घातला, मी तो ओलांडला. मांडवात कुणीतरी 'अरे!' म्हणालं. ती ढकलायला लागली, मी उलटं ढकललं नाही, तिच्याच वाटेनं मागं गेले, अजून मागं, आणि मग अर्धी वळून आत शिरले. बाही ओढली. आणि आलं! तिचं वजन आलं, तिच्या टाचा उचलल्या गेल्या, तिच्या तोंडून 'हं' असा श्वास सुटला. ती घाबरली होती. एक डोळस मुलगी, राज्याचं पदक मिळवलेली, मला घाबरली होती.

पण मला तिला पुरतं उचलता आलं नाही. ती अंगाचा गोळा करून खाली बसली, सुटली, फिरली. मी तोल सावरायला मागं झुकले. तीच चूक. मी जिकडं झुकले, तिकडंच तिनं मला नेलं. तिचा पाय माझ्या पायामागून कोयत्यासारखा फिरला, जमीन गेली, आणि मी हवेत होते.

हनुवटी छातीला. हात आपटले. आवाज असा झाला, की मांडवाच्या आढ्यावरची कबुतरं उडाली.

"मेली गं माजी लेक!" आई किंचाळली.

"इप्पॉन!" मॅडम ओरडल्या. या वेळी खच्चून.

मी उताणी पडले होते. पाठीत आग पेटली होती, कानात घूं होत होतं, श्वास आत जात नव्हता. आणि मला हसू येत होतं. आमच्या शाळेच्या भिंतीबाहेरच्या कुणीतरी, पहिल्यांदाच, हातचं काहीही राखून न ठेवता मला हात लावला होता. बाजारात, गाडीत, देवळात लोक मला काचेचं भांडं उचलावं तसे धरायचे. हिनं मला माणसासारखं आपटलं होतं. दोघांचंही भलं म्हणजे काय, ते मला तिथं पडल्या पडल्या कळलं. खोटं पडली तेव्हा तिनं मला तिचं अंग दिलंच नव्हतं. आता दिलं होतं, आणि माझं घेतलंही होतं.

मी उठले. कुणी हात दिला नाही, मॅडमनी देऊ दिला नसणार. मी कॉलर सरळ केली, समोर उभी राहिले आणि कमरेतून वाकले. पुढ्यातल्या सळसळीवरून कळलं, की प्राचीही वाकली आहे, आणि ती माझ्या आधी वर आली नाही.

टाळ्या पडल्या नाहीत. लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही, कळत नव्हतं.

पाचवीच्या वर्गात आम्ही कपडे बदलत होतो, तेव्हा प्राची म्हणाली, "तू आत शिरलीस ना, तेव्हा मी जवळजवळ गेलेच होते."

"खरं?"

"आता कशाला खोटं बोलू? रविवारी येऊ का मी? सरावाला?"

"सराव राहिला तर ये."

दारात मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या बुटांचा आवाज मला ओळखू यायचा. प्राची निघून गेल्यावर त्या म्हणाल्या, "मला वाटलं, एक खोटा गुण दिला तर चौघींना पुण्याला नेता येईल. हिशेब चुकला. रागावलीस?"

"हो."

"राहा रागावलेली. पण पडायचं विसरू नकोस."

त्या वर्षी आम्ही पुण्याला गेलो नाही. वर्गही बंद झाला, मॅट पोलिसांकडे परत गेल्या. आम्ही मुली खोलीतल्या गाद्या जमिनीवर जोडून पडत राहिलो. बाई दाराशी यायच्या, किल्ल्या वाजायच्या, आणि त्या काही न बोलता निघून जायच्या. जूनमध्ये एका संध्याकाळी मॅटचा टेंपो फाटकातून आत आला. तो कुणी मागवला, ते बाईंनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही पुण्याला गेलो, माझा तिसरा नंबर आला. प्राची अजून माझी मैत्रीण आहे. मी आता फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांच्या पाठी दुरुस्त करते. आणि पाहुण्यांनी मजला बांधून दिला का? दिला. त्यांना वाटलं, ते सगळं कार्यक्रमातच होतं.

पण हे पुढचं. त्या दुपारी आई मला तडक एसटी स्टँडवर घेऊन आली. संमेलनानंतर दोन दिवस सुटी असायची. आईच्या मनात मात्र दोन दिवसांची सुटी नव्हती.

"बास झाली साळा," ती म्हणत होती. "हाडं मोडून घ्यायला धाडलं व्हय तुला? मी काय मेले व्हते का? आमी सांबाळू तुला जलमभर."

तिनं माझं मनगट धरलं होतं. ती नेहमी मनगटच धरायची, घट्ट, शेरडाची दोरी धरावी तसं, आणि एक पाऊल पुढं ओढत चालायची. लहानपणापासून मी अशीच तिच्यामागं गेले होते. स्टँडवर गर्दी होती, गाड्यांचा धूर होता. मी थांबले. तिच्या अंगठ्याच्या बाजूला मनगट वळवलं आणि सोडवून घेतलं. काही जोर लागला नाही.

"आगं!" ती घाबरून म्हणाली. "शालन! कुटं हायस?"

"इथंच आहे." मी हात पुढं केला, तिचा दंड चाचपला आणि कोपराच्या वर धरला. "तू मला धरू नकोस, आई. मी तुला धरते. तू चाल, मला कळतं."

ती उभीच राहिली. तिच्या दंडातली सगळी थरथर माझ्या बोटांना लागत होती. दिवसभर ती हरली होती, मांडवात, सगळ्यांसमोर, आणि मला ठाऊक होतं, आता ती हात झटकणार आणि पुन्हा माझं मनगट धरणार.

"सोमवारी मी परत येणार आहे," मी म्हटलं. "शाळेत. तू नाही पाठवलंस तरी येणार."

"आन् पाडलं तुला पुन्यांदा मंजे?"

"पाडू दे. उठते मी. बघितलंस ना?"

ती नाकानं सूं सूं करत होती. मग चालायला लागली. आधी अगदी हळू, माझ्या पायाकडं बघत असावी तशी, आणि मग तिच्या रोजच्या चालीनं. चौकशीच्या खिडकीपाशी येऊन थांबली.

"म्हसवडची गाडी कुटं लागंल, दादा?"

"चार नंबरला. लागलीच आहे, पळा."

आई हलली नाही.

"आन् सोमवारी म्हसवडासनं हिकडं यायला सकाळची कवा हाय?"

"सहाला," आतला माणूस म्हणाला. मग त्यानं मला पाहिलं असावं, कारण त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "दोघींना यायचंय ना? पुढची सीट धरून ठेवायला सांगा कंडक्टरला."

"न्हाई," आई म्हणाली. "ती एकटीच येणार हाय."